माहितीचे कोठार आणि वेशीवरील पहारा

कोणतीही विकासयोजना आखावयाची तर तिला माहितीचा पाया लागतो. कोणत्या वस्तीतील किती मुले अद्याप शाळेबाहेर आहेत, कोणत्या गावाच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात, कोणत्या आरोग्य उपकेंद्राच्या कक्षेत कमी वजनाची बालके अधिक जन्मास येतात, हे ठाऊक असल्यावाचून निधीची वाटणी करणे म्हणजे अंदाजपंचे कारभार होय. ही माहिती एकेकाळी शाळेच्या हजेरीपटात, तलाठ्याच्या दप्तरात आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांत विखुरलेली असे. तिचे गोषवारे तालुक्याला, तेथून जिल्ह्याला आणि तेथून मंत्रालयात जात. शेवटचा गोषवारा हाती पडेपर्यंत मूळ परिस्थिती पुष्कळदा पालटून गेलेली असे.

आज हीच माहिती संगणकावर भरली जाते. शालेय शिक्षणाच्या ‘यूडायस प्लस’ या प्रणालीत २०२२-२३ या वर्षापासून विद्यार्थीनिहाय नोंद होऊ लागली. पंचायतींच्या कामकाजासाठी ‘ई-ग्रामस्वराज’ हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. अशा असंख्य नोंदी एकत्र आणून, त्यांची परस्परांशी सांगड घालून त्यांतून निष्कर्ष काढण्याच्या कामास विश्लेषण असे म्हणतात. त्यासाठी लागणारा अवाढव्य माहितीसाठा ‘क्लाउड’वर ठेवण्याकडे आता शासकीय व खासगी अशा दोन्ही क्षेत्रांचा कल आहे. हा साठा कोणासाठी उघडा असावा आणि कोठून उघडता यावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्याचा धागा थेट नागरिकाच्या खासगी आयुष्याशी जाऊन भिडतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड या शब्दाचा अर्थ ढग असा असला, तरी त्यात आभाळातले काहीच नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीत उभे असलेले शक्तिशाली संगणक व त्यांवरील साठवणीची जागा, वापराप्रमाणे भाडे देऊन दुरून वापरणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. शेतकऱ्याने स्वतःचे कोठार न बांधता वखारीत जागा घ्यावी, तसाच हा व्यवहार होय. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने मार्च २००६ मध्ये अशी साठवण-सेवा ‘एस-थ्री’ या नावाने सर्वांना खुली केली. पुढे मायक्रोसॉफ्ट, गूगल इत्यादी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. या इमारती आपल्यापासून फार दूरही नाहीत. मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र २०१५ मध्ये पुणे येथे, तर ॲमेझॉनचे केंद्र २०१६ मध्ये मुंबई येथे कार्यान्वित झाले. भारत सरकारनेही ‘मेघराज’ या नावाने शासकीय विभागांसाठी क्लाउडचा उपक्रम हाती घेतला आहे.

विश्लेषणासाठी उभारलेल्या साठ्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. जुन्या पद्धतीत एखादे दप्तर चोरीस गेले, तर एका गावाची माहिती जाई. येथे मात्र अनेक गावांची, अनेक खात्यांची व अनेक वर्षांची माहिती मुद्दामच एका ठिकाणी आणलेली असते. ज्या गुणामुळे हा साठा अभ्यासकास उपयुक्त ठरतो, त्याच गुणामुळे तो चोरासही मोलाचा वाटतो.

दाराला कडीच नव्हती

क्लाउडवरील साठ्यास इंटरनेटवर एक नाव व एक पत्ता असतो. विशेष काळजी न घेतल्यास त्या पत्त्यावर जगातील कोणताही संगणक येऊन दार ठोठावू शकतो. दारास कडी असेल तर तो बाहेरच राहतो, नसेल तर सरळ आत येतो.

जून २०१७ मध्ये अमेरिकेतील ‘डीप रूट ॲनालिटिक्स’ या राजकीय विश्लेषण करणाऱ्या कंपनीचा साठा असाच उघडा आढळला. त्यात सुमारे १९ कोटी ८० लाख अमेरिकन मतदारांची माहिती होती आणि ती पाहण्यास पासवर्डही लागत नव्हता. त्याच वर्षाअखेरीस ‘अल्टेरिक्स’ या दुसऱ्या विश्लेषण कंपनीकडील सुमारे १२ कोटी ३० लाख कुटुंबांच्या माहितीचे प्रकरण उघडकीस आले. येथील चूक अधिक बोधप्रद आहे. हा साठा ‘ओळख पटलेल्या’ वापरकर्त्यांसाठी खुला ठेवला होता. परंतु ही ओळख कंपनीच्या कर्मचाऱ्यांची नव्हती. ॲमेझॉनच्या सेवेत ज्याचे खाते आहे असा कोणीही त्या व्याख्येत बसत होता, आणि असे खाते कोणासही विनामूल्य उघडता येत होते. कार्यालयाच्या दारावर ‘फक्त ओळखपत्रधारकांसाठी’ अशी पाटी लावावी आणि कोणाचेही, कसलेही ओळखपत्र चालवून घ्यावे, असाच हा प्रकार झाला.

या दोन्ही प्रकरणांत कोणी घरफोडी केली नव्हती. सुरक्षा-संशोधकांना ते साठे उघडे सापडले, एवढेच. अशा घटना वारंवार घडू लागल्यावर ॲमेझॉनने एप्रिल २०२३ पासून नव्याने निर्माण होणारे साठे मुळातच सार्वजनिक प्रवेशास बंद ठेवण्याचा नियम केला. आता ते उघडावयाचे तर कोणास तरी जाणीवपूर्वक उघडावे लागतात.

किल्ली होती, पहारा नव्हता

कडी आणि कुलूप असले म्हणजे भागते काय, याचे उत्तर २०२४ च्या एका प्रकरणाने दिले. ‘स्नोफ्लेक’ ही विश्लेषणासाठी माहिती साठविण्याची सुप्रसिद्ध क्लाउड सेवा आहे. त्या वर्षीच्या एप्रिलपासून पुढील काही आठवड्यांत तिच्या अनेक ग्राहक-संस्थांचे साठे चोरट्यांनी रिकामे केले. चौकशी करणाऱ्या ‘मँडियंट’ या संस्थेच्या जून २०२४ च्या अहवालानुसार, धोका पोहोचला असण्याची शक्यता असलेल्या सुमारे १६५ संस्थांना सूचना देण्यात आली होती.

चोरटे आत कसे शिरले? त्यांच्यापाशी खरी वापरकर्ता-नावे आणि खरे पासवर्ड होते. कर्मचाऱ्यांच्या व कंत्राटदारांच्या संगणकांत शिरलेल्या चोर-प्रोग्रामांनी ते पूर्वीच टिपून घेतले होते. त्यांतील काही संसर्ग नोव्हेंबर २०२० इतके जुने होते. काही कंत्राटदारांचे संगणक खेळांसाठी आणि चोरट्या सॉफ्टवेअरसाठीही वापरले जात होते. तपासात तीन उणिवा पुढे आल्या. पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागितला जात नव्हता. चोरीस गेलेले पासवर्ड वर्षानुवर्षे बदललेले नव्हते. आणि विश्वासातील ठिकाणांहूनच प्रवेश द्यावा असा जाळ्याचा निर्बंध बाधित साठ्यांवर घातलेला नव्हता. ही तिसरी उणीव आपल्या विषयाचा गाभा आहे. किल्ली खरी होती, पण ती घेऊन येणारा माणूस कोठून आला हे कोणी विचारलेच नाही.

याची झळ किती दूरवर पोहोचली ते पाहावे. अमेरिकेतील ‘ए.टी. अँड टी.’ या दूरध्वनी कंपनीने १२ जुलै २०२४ रोजी जाहीर केले की, आपल्या जवळजवळ सर्व मोबाइल ग्राहकांच्या, प्रामुख्याने मे ते ऑक्टोबर २०२२ या काळातील, संभाषणांच्या व संदेशांच्या नोंदी चोरीस गेल्या आहेत. संभाषणांतील मजकूर त्यात नव्हता, नावेही नव्हती. कोणत्या क्रमांकाने कोणत्या क्रमांकाशी किती वेळा संपर्क साधला व एकूण किती वेळ बोलणे झाले, एवढेच होते. परंतु क्रमांकावरून नाव शोधणे कठीण नसते. कोणी डॉक्टरांना, वकिलांना वा पत्रकारांना किती वेळा दूरध्वनी केला, हे उघड होणे म्हणजे माणसाच्या अडचणी उघड होणे होय. ज्या ग्राहकांचे हे नुकसान झाले, त्यांचा स्वतःचा त्यात कोणताही दोष नव्हता.

निर्बंध कसा घालतात?

इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस एक आयपी पत्ता असतो. प्रचलित जुन्या पद्धतीत तो चार अंकगटांचा असतो व प्रत्येक गट ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. निर्बंधाचे पहिले सूत्र असे की, प्रथम या सर्वांना नकार द्यावयाचा आणि नंतर ज्यांचे काम आहे त्यांनाच नावानिशी परवानगी द्यावयाची. ‘कोणास येऊ देऊ नये’ याची यादी कधीच पुरी होत नाही. ‘कोणास येऊ द्यावे’ याची यादी मात्र एका कागदावर मावते.

या यादीचा सोपा प्रकार म्हणजे परवानगीप्राप्त पत्त्यांची नोंद. जिल्हा कार्यालयाच्या इंटरनेट जोडणीस १६ कायम पत्ते मिळालेले असतील, तर तेवढेच नोंदवावयाचे. घरून किंवा दौऱ्यावरून काम करणाऱ्या अधिकाऱ्याने व्हीपीएन या सुरक्षित मार्गाने प्रथम कार्यालयाच्या जाळ्यात यावे व तेथून साठ्याकडे जावे. येथे एक खाचखळगा आहे. मोबाइल कंपन्या अनेकदा शेकडो-हजारो ग्राहकांना बाहेरून एकच पत्ता दाखवितात. एखाद्या अधिकाऱ्याच्या सोयीसाठी त्याच्या मोबाइल इंटरनेटचा पत्ता यादीत घातला, तर त्याच्यासह कित्येक अनोळखी माणसांना आपण वेशीच्या आत घेतो. शिवाय तो पत्ता उद्या बदलतो, तो वेगळाच. यास्तव असा पत्ता यादीत कदापि घेऊ नये.

दुसरा, अधिक भक्कम प्रकार म्हणजे खासगी प्रवेशद्वार. यात क्लाउडच्या इमारतीतच आपल्यापुरते एक बंदिस्त जाळे आखून घेतले जाते आणि साठ्यास त्या जाळ्यातील अंतर्गत पत्ता दिला जातो. १० किंवा १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे असे अंतर्गत पत्ते इंटरनेटवर चालतच नाहीत. त्यानंतर साठ्याचे सार्वजनिक दार पूर्णपणे बंद करता येते. जुन्या वाड्यांचा मोठा दरवाजा अडसर लावून बंद असे आणि घरच्या माणसांची ये-जा दिंडी दरवाजातून होई, तशीच ही रचना आहे. मात्र खासगी द्वार उघडले म्हणजे मोठा दरवाजा आपोआप बंद होतो, असे नव्हे. तो वेगळा बंद करावा लागतो, आणि नेमकी हीच पायरी घाईत राहून जाते. त्याचप्रमाणे साठ्याच्या नावाचा पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्थाही नव्या अंतर्गत पत्त्याकडे वळवावी लागते. तसे न केल्यास आपलीच माणसे बंद दारावर जाऊन धडकतात.

तिसरी बाब बाहेर जाणाऱ्या वाटेची. आत आलेल्या माणसास माहितीची प्रत दुसऱ्या कोणत्याही साठ्याकडे पाठविता येत असेल, तर आत येण्यावरील पहारा निम्मा निष्फळ ठरतो. म्हणून आपल्या जाळ्यातून फक्त ठरावीक साठ्यांकडेच जाता यावे, असाही निर्बंध घालतात.

पहारेकऱ्याच्या हाती किल्ल्या

जाळ्याचा निर्बंध घातला म्हणजे इतर काळजीची गरज उरत नाही, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील ‘कॅपिटल वन’ या बँकेने २९ जुलै २०१९ रोजी जाहीर केलेली चोरी याची साक्ष देते. अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख व्यक्तींची माहिती तीत गेली. येथे बँकेच्या संकेतस्थळापुढे उभी असलेली, येणाऱ्या विनंत्या तपासणारी फायरवॉल यंत्रणाच सदोष रीतीने मांडलेली होती. चोरी करणाऱ्या महिलेने त्या यंत्रणेलाच फसवून तिची तात्पुरती ओळख-प्रमाणके तिच्याकडून मिळविली आणि त्यांच्या आधारे साठ्यातील माहितीच्या प्रती काढल्या. विनंत्या तपासण्याचे काम करणाऱ्या यंत्रणेस ग्राहकांच्या माहितीचे कोठार वाचण्याचा अधिकार होता, हे या प्रकरणाचे मर्म आहे. पहारेकऱ्याच्या कमरेलाच कोठाराच्या किल्ल्या अडकविल्या होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये या बँकेस ८ कोटी डॉलर दंड झाला.

आपल्या उपकोषागारातील दुहेरी कुलपाची प्रथा येथे आठवावी. दोन किल्ल्या दोन व्यक्तींकडे असतात आणि एकट्याने कोणासही तिजोरी उघडता येत नाही. माहितीच्या कोठारासही अशी दोन कुलुपे हवीत. कोण आला आहे हे एक कुलूप पाहते आणि तो कोठून आला आहे हे दुसरे. शिवाय आत आलेल्यास त्याच्या कामापुरत्याच दालनाची किल्ली असावी.

कार्यालयांनी काय करावे?

एखादा साठा आजवर उघडा असेल, तर त्यास एकाएकी टाळे ठोकणे हिताचे नाही. रात्री आपोआप चालणारी माहितीची भरणी, सकाळी वरिष्ठांपुढे येणारे तक्ते, बाहेरच्या अभ्यासकांची कामे, ही सारी त्याच दारातून ये-जा करीत असतात. पूर्वसूचनेविना दार बंद केले तर दुसऱ्या दिवशी तक्ते कोरे येतात, ओरड होते, आणि मग ‘तूर्त सर्वांसाठी उघडा’ असा आदेश निघतो. हे ‘तूर्त’ कधी संपत नाही. म्हणून प्रथम काही आठवडे प्रवेशाच्या नोंदी तपासून कोण, कोठून व कशासाठी येतो याची यादी करावी. त्यांतील रास्त कामांना परवानगी देऊन, चाचणी घेऊन, नंतरच सर्वसाधारण नकाराचा नियम लावावा. तात्पुरती सवलत देणे अटळच असेल, तर ती कोणी दिली, कशासाठी दिली आणि कोणत्या दिवशी संपेल, हे तीन रकाने भरल्यावाचून ती देऊ नये.

रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाल्यावर हिरकणी कडा उतरून घरी गेली व पुढे त्या जागी बुरूज बांधण्यात आला, ही आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. तिचा कारभारातील बोध असा की, दरवाजे बंद केल्यावरही कड्यांची पाहणी करावयास हवी. चाचणीसाठी काढलेली व विसरलेली प्रत, निघून गेलेल्या कंत्राटदाराचे चालू राहिलेले खाते, अहवालासाठी कोणाच्या तरी संगणकावर उतरवून घेतलेला तक्ता, हे आपले कडे होत.

यातील तांत्रिक काम तज्ज्ञांचे आहे, प्रश्न विचारण्याचे काम मात्र सर्वांचे आहे. आपल्या कार्यालयाची माहिती कोठे ठेवली आहे? तेथे सार्वजनिक इंटरनेटवरून पोहोचता येते काय? परवानगीच्या यादीची शेवटची तपासणी कोणी व केव्हा केली? कंत्राट संपलेल्या संस्थेची नावे वगळली काय? प्रवेशाच्या नोंदी कोण वाचतो? विभागप्रमुखाने एवढे पाच प्रश्न विचारले आणि लेखी उत्तरे मागितली, तरी बरेच काही साधेल. मुख्याध्यापकांनी आणि ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या हाती असलेले तेवढे कटाक्षाने पाळावे. शाळेचा किंवा पंचायतीचा पासवर्ड भिंतीवर लिहू नये, समूह-संदेशात टाकू नये आणि माहिती भरून देणाऱ्या केंद्रचालकाच्या संगणकावर साठवून ठेवू नये. माहिती भरण्याची खिडकी गावोगावी उघडी असणे आवश्यक आहे. खिडकीमागील कोठार मात्र त्या वाटेने उघडता कामा नये.

कायदा काय सांगतो?

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. माहितीच्या रक्षणासाठी रास्त सुरक्षा-उपाय योजण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या अधिनियमात आहे. प्रवेशावरील नियंत्रण आणि प्रवेशाच्या नोंदी ठेवणे यांचा समावेश नियमांतील किमान उपायांत केलेला आहे. तत्पूर्वी, २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने दिलेल्या निदेशांनुसार सायबर घटनेची वार्ता लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले.

येथे एक शंका उद्भवणे स्वाभाविक आहे. कोठारास एवढी कुलुपे लावली, तर माहितीच्या अधिकाराचे काय? महाराष्ट्राने २००२ मध्येच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता आणि केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला. त्या परंपरेशी हा पहारा विसंगत नाही. गावातील किती बालके कुपोषित आहेत, योजनेवर किती खर्च झाला, शाळेत किती शिक्षक कमी आहेत, हे निष्कर्ष ग्रामसभेपुढे यावयासच हवेत. अमुक घरातील अमुक बालकाचे वजन, त्याच्या आईचे आजारपण, तिचा बँक खाते क्रमांक, या मूळ नोंदी मात्र ज्याच्या कामास त्या लागतात त्याच्यापुढेच उघडाव्यात. निर्बंधाच्या नावाखाली आकडे दडविणे जितके अयोग्य, तितकेच पारदर्शकतेच्या नावाखाली माणसे उघडी पाडणे अयोग्य होय.

ज्या मातेने अंगणवाडीत आपल्या बाळाची नोंद केली, ज्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीसाठी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला दिला, त्यांनी आपली माहिती शासनाच्या विश्वासावर दिली. ती कोणत्या शहरातील कोणत्या संगणकावर गेली, हे त्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची अपेक्षाही नाही. वेशीवर पहारा आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी म्हणूनच ज्यांनी ती माहिती मागितली त्यांच्यावर येते.